सीआरपी वाढलाय? जरा दमानं!

ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट आला, त्यात एक आकडा लाल रंगात दिसला आणि झोप उडाली... तुमचंही असं झालंय? मग या आठवड्याचा कॉलम तुमच्यासाठीच.

वर्षातून एकदा एचआरचा मेल येतो. 'डिअर ऑल, ॲन्युअल हेल्थ चेकअप...' वगैरे वगैरे. मग एका सकाळी उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं, बाही वर करायची, कापसाचा बोळा दाबून धरत फुकटचं सँडविच खायचं आणि डेस्कवर परत. दोन दिवसांनी मोबाइलवर पीडीएफ हजर. अठरा पानं! ऐंशी टेस्ट! एवढं सगळं वाचणार कोण? आपण पानं सरसर खाली ढकलतो आणि लाल अक्षरं शोधतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात शोधायचो ना, तश्शी.

हिंजवडीतल्या माझ्या एका मित्राला ती सापडली. वय वर्षं २९. 'एचएस-सीआरपी : ६.८'. पुढे ठळक अक्षरांत 'हाय' आणि खाली बारीक टायपात 'हृदयविकाराचा धोका जास्त' अशा अर्थाची ओळ. रात्री साडेअकराला त्याचा स्क्रीनशॉट आला. सोबत एकच वाक्य होतं, 'पप्पांना ४९ व्या वर्षी अटॅक आला होता, तुला माहितीये ना?'

आता यावर 'अरे काही नसतं रे' असं म्हणून झोपून जाणं शक्य नव्हतं. कारण काही असूही शकतं. भारतात आणि शेजारच्या देशांत पहिला हार्ट अटॅक लवकर येतो, हे काही व्हॉट्सॲपवरचं ज्ञान नाही. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासातल्या आकड्यांनुसार दक्षिण आशियात पहिल्या अटॅकचं सरासरी वय ५३ निघालं, बाकी जगात जवळजवळ ५९. म्हणजे आपण तब्बल सहा वर्षं पुढे. जिथे पुढे असायला नको, नेमके तिथेच!

तर हा सीआरपी म्हणजे नक्की काय प्रकरण आहे?

आधी इन्फ्लमेशनचा फंडा समजून घेऊ. मराठीत आपण त्याला दाह म्हणतो. पाय मुरगळला की घोटा सुजतो, लाल होतो, गरम लागतो आणि ठणकतो. या चार खुणा सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवल्यात. जखम झाली किंवा जंतू शिरले की शरीर आपली फौज तिकडे पाठवतं, त्याचीच ही गडबड. काम झालं की फौज परत, सूज कमी. हा झाला चांगला दाह. वाईट दाह कुठला? जो थांबतच नाही. मंद आचेवर ठेवलेल्या दुधासारखा, वर्षानुवर्षं धुमसत राहणारा. आणि तो रक्तवाहिनीच्या भिंतीत असेल तर ना लाली दिसते, ना ठणका लागतो.

हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किचन सिंकचा तुंबलेला पाइप येतो. चरबी साठत गेली, साठत गेली आणि एक दिवस पाइप बंद! चित्र सोपं आहे, पण अर्धवट आहे. प्रत्यक्षात एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचे कण रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात आणि तिथेच अडकून खराब होतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी धावतात. गिळून गिळून त्या स्वतःच फुगतात, तुपकट होतात. मायक्रोस्कोपखाली त्या फेसासारख्या दिसतात म्हणून त्यांचं नाव फोम सेल्स. अशा पेशींचा, चरबीचा आणि कचऱ्याचा जो ढीग तयार होतो तो प्लाक. त्याच्यावर शरीर एक पापुद्रा चढवतं, गळूवर असतो तसा. आत दाह धुमसत राहिला की हा पापुद्रा पातळ होत जातो आणि एखाद दिवशी फाटतो. रक्ताला वाटतं जखम झाली, लगेच गुठळी तयार होते, आणि रस्ता बंद करते ती ही गुठळी. म्हणूनच तर 'गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल होती हो त्याची' असं आपण ऐकतो. प्लाक छोटाच होता, वाट अडवत नव्हता. पण आतून पेटलेला होता.

रसेल रॉस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या विषयावर जो लेख लिहिला, त्याचं शीर्षकच होतं की ॲथेरोस्क्लेरोसिस हा दाहाचा आजार आहे. पाइप तुंबण्याच्या थिअरीला त्यानंतर जरा घरघरच लागली.

मग हा दाह मोजायचा कसा? भिंतीत डोकावून तर बघता येत नाही. इथे सीआरपीची एंट्री होते.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना ते न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात सापडलं. न्यूमोनियाच्या जंतूच्या 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटत होतं, म्हणून नावात सी. हृदयाशी तेव्हा त्याचा काही संबंध नव्हता. हे प्रोटीन बनतं लिव्हरमध्ये. शरीरात कुठेही दाह झाला की इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या लिव्हरकडे जातो आणि लिव्हर सीआरपी बनवायला घेतं. मोठं इन्फेक्शन असेल तर एकदोन दिवसांत त्याची पातळी शंभर पटींहूनही वर जाते. इन्फेक्शन गेलं की रक्तातला सीआरपी साधारण दर १९ तासांनी निम्मा होत उतरतो.

थोडक्यात काय, तर सीआरपी हा सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. शिट्टी वाजवतो जोरात. पण चोर 'ए' विंगमध्ये आहे की 'डी' विंगमध्ये, की नुसती मांजर उडी मारून गेली, हे काही त्या शिट्टीवरून कळत नाही.

त्याच्याच बाजूला रिपोर्टमध्ये ईएसआर असतो. तो याच्याहून जुना, १८९७ पासूनचा. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात ते बघायचं, इतकी साधी टेस्ट. दाह असला की पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. पण ॲनिमिया असला तरी ईएसआर वाढतो, प्रेग्नन्सीत वाढतो, वयानुसारही वाढतो. हार्टच्या हिशेबात त्याला फारसं कुणी विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

आता एक महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच निम्म्या लोकांचा घोळ होतो. सीआरपी आणि एचएस-सीआरपी. प्रोटीन एकच, पण टेस्ट वेगळी. २०२०-२१ च्या कोविडच्या काळात घराघरात सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन हे शब्द पोचले. शेजारच्या काकूसुद्धा 'ह्यांचा सीआरपी साठ आलाय' असं गॅलरीतून सांगायच्या. तो साधा सीआरपी. मोठ्या इन्फेक्शनचे मोठे आकडे मोजायला तो ठीक आहे. हृदयाच्या बाबतीत आपल्याला हवे असतात छोटे आकडे, ०.५, १.२, २.८ असे. त्यासाठी हाय सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एचएस. भाजीवाल्याचा तराजू आणि सोनाराचा तराजू यांत जो फरक, तोच इथे. साध्या सीआरपीच्या रिपोर्टवर 'पाचच्या आत, नॉर्मल' असं लिहिलेलं असतं. त्यावरून हृदय ठणठणीत आहे असा अर्थ काढायचा नाही.

दुसरा घोळ युनिटचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आकडा देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. ०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. दहापटीचा फरक! गेल्या वर्षीचा रिपोर्ट एका लॅबचा आणि यंदाचा दुसऱ्या लॅबचा असेल, तर आधी आकड्याच्या शेजारची ती बारीक अक्षरं बघा, मग टेन्शन घ्या.

एचएस-सीआरपीचं हृदयाशी नातं जोडणारा हीरो म्हणजे बोस्टनच्या ब्रिगहम अँड विमेन्स हॉस्पिटलचे डॉ. पॉल रिडकर. १९९७ मध्ये त्यांच्या टीमने धडधाकट दिसणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांचं साठवलेलं रक्त तपासलं. ज्यांचा सीआरपी सगळ्यात वरच्या गटात होता, त्यांना पुढच्या काळात हार्ट अटॅक येण्याचा धोका सगळ्यात खालच्या गटापेक्षा जवळपास तिप्पट निघाला, आणि स्ट्रोकचा जवळपास दुप्पट. मग २००३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि सीडीसीने मिळून पायऱ्या ठरवल्या. १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. तुमच्या रिपोर्टवरची ती तीन खणांची चौकट इथूनच आली आहे.

पण त्याच कागदात आणखी दोन गोष्टी होत्या, ज्या आपल्याकडच्या पॅकेजवाल्यांच्या रिपोर्टमध्ये क्वचितच ठळक दिसतात. एक, ही टेस्ट साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करून सरासरी काढायची. दोन, आकडा १० च्या वर असेल तर तो हृदयाचा मानायचाच नाही, आधी इन्फेक्शन किंवा दुसरा दाह शोधायचा आणि तो बरा झाल्यावर टेस्ट परत करायची.

म्हणून मी मित्राला पहिला प्रश्न विचारला, "गेल्या पंधरा दिवसांत आजारी होतास?"

"व्हायरल झाला होता. चेकअपच्या सहा दिवस आधी ताप उतरला. का रे?"

का म्हणजे? तापाची शिट्टी अजून वाजत होती ना! पावसाळ्यात कॅम्प लावायचा, अर्धं ऑफिस शिंकतंय, आणि त्यांचा सीआरपी मोजून हृदयाचं भविष्य सांगायचं, हा प्रकार मला तरी कुडमुड्या ज्योतिषाइतकाच विश्वासार्ह वाटतो. आणि फक्त ताप नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं? सीआरपी वाढू शकतो. आदल्या दिवशी हाफ मॅरेथॉन पळून आलात? वाढणार. (जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवाल्यांनो, सोमवारी सकाळी रक्त द्यायला जाऊ नका.) सिगारेट ओढता? वाढतो, आणि इथे मात्र तो खरंच काहीतरी सांगतोय. मुलींसाठी आणखी एक मुद्दा, जो कॅम्पवर सहसा कुणी विचारत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी सीआरपी चांगलाच चढू शकतो. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना न लाजता सांगा.

याउलट, सकाळी उठल्यावर बोटं आखडतात, सांधे सुजतात, पंधरा दिवसांनी परत टेस्ट केली तरी आकडा वरच, असं असेल तर तो विषय वेगळा. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, सोरायसिस अशा आजारांत दाह सतत चालू असतो आणि त्यात हृदयाचा धोकाही खरोखर वाढतो. हे आजार तिशीच्या आसपासच्या मुलींमध्येही दिसतात. तिथे 'कीबोर्डवर जास्त काम झालं असेल' म्हणून बाम चोळत बसायचं नाही.

तीन आठवड्यांनी मित्राने टेस्ट परत केली. आला १.३. पार्टी? थांबा.

त्याच पीडीएफच्या सातव्या पानावर एलडीएल होतं १६२. तेही लालच होतं. पण 'कोलेस्टेरॉल काय, सगळ्यांचंच वाढलेलं असतं' असं म्हणत गडी पुढे सरकला होता. सीआरपी नवीन, नाव इंग्लिश, खाली धमकी लिहिलेली, म्हणून त्याला घाबरला. एलडीएल जुनं, घरातलं, आईबाबांच्या रिपोर्टमध्ये रोजचं, म्हणून त्याचं काहीच वाटलं नाही. त्याच्या डॉक्टरांनी मात्र सीआरपीकडे एक नजर टाकून पान उलटलं आणि बोट ठेवलं ते १६२ वर. दुसरा प्रश्न वडिलांचा. अटॅक कितव्या वर्षी? सिगारेट होती का? वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत, किंवा आईला अथवा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल तर ती 'फॅमिली हिस्टरी' गंभीर मानतात. मग त्यांनी एक टेस्ट लिहून दिली, जी ऐंशी टेस्टच्या त्या पॅकेजमध्ये नव्हतीच. लिपोप्रोटीन-ए.

हिच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते आपल्या वयाच्या लोकांसाठी सीआरपीपेक्षा ही जास्त कामाची आहे. १९६३ मध्ये ऑस्लोत कोरे बर्ग यांनी हा कण शोधला. एलडीएलच्या कणाला एक जादा प्रोटीन चिकटलेलं असतं, एवढाच काय तो फरक. पण त्या शेपटीमुळे तो जास्त उपद्रवी होतो. भिंतीत साठतो, दाहही वाढवतो. आणि गंमत म्हणजे त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून आलेल्या जीन्सवर ठरते. डाएटने ढिम्म हलत नाही, जिमने हलत नाही. लहानपणी जी ठरली, ती साधारण आयुष्यभर तीच. त्यामुळे टेस्ट आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर ती जास्त. जगात साधारण पाचातल्या एकाची जास्त असते, आणि दक्षिण आशियाई लोकांत हे प्रमाण आणखी वर आहे. सिक्स पॅकवाल्या, सॅलड खाणाऱ्या, कधी सिगारेटला हात न लावलेल्या पोरांना तिशी-पस्तिशीत अटॅक येतो तेव्हा 'कसं काय बुवा?' या प्रश्नाचं एक उत्तर कधीकधी इथे सापडतं.

मित्राची आली ९२.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल, जी गोष्ट कमी करता येत नाही ती मोजून करायचं काय? उलट आहे. ती कमी होत नाही, म्हणूनच बाकी जे कमी होतं ते जास्त कडकपणे कमी करायचं. एलडीएल, ब्लडप्रेशर, शुगर, सिगारेट. डॉक्टरांनी स्टॅटिनच्या गोळीचा विषय काढला, मित्राने तीन महिने मागून घेतले, डॉक्टरांनी तारीख लिहून दिली. आणि मग दुसरा फोन त्याने केला बंगळुरूला, धाकट्या बहिणीला. घरातल्या एकाची लिपोप्रोटीन-ए वाढलेली निघाली की सख्ख्या भावंडांचीही तपासायची असते. ती २६ वर्षांची आहे, 'मला काय होतंय' म्हणाली. गेल्या रविवारी गेली एकदाची.

बरं, मग सीआरपी बिनकामाचा का? अजिबात नाही. फक्त कुणासाठी आणि कधी, हा प्रश्न आहे. २००८ ची 'ज्युपिटर' ट्रायल बघा. १७,८०२ माणसं, एलडीएल १३० च्या खाली म्हणजे तसं बरं, पण एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन दिलं, निम्म्यांना खोटी गोळी. दोनेक वर्षांतच ट्रायल थांबवावी लागली, कारण गोळीवाल्यांत अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून ४४ टक्क्यांनी कमी! हेडलाइन झक्कास. पण आमच्या मास कॉमच्या वर्गात शिकवायचे तसं, टक्के दिसले की आधी विचारायचं, कशाचे टक्के? खोट्या गोळीच्या गटात शंभरातल्या साधारण २.८ जणांना त्रास झाला, खऱ्या गोळीच्या गटात १.६ जणांना. फायदा खरा आहे, पण त्याचा आकार हा आहे. शिवाय त्यात पुरुष पन्नाशीच्या पुढचे होते आणि बायका साठीच्या पुढच्या. २९ वर्षांचा इंजिनिअर त्यात नव्हताच. आणि जाता जाता, ट्रायलचा खर्च गोळी बनवणाऱ्या कंपनीने केला होता, तर सीआरपीच्या वापराच्या पेटंटवर रिडकर यांचं नाव सहसंशोधक म्हणून होतं. त्यांनी हे लपवलं नाही, पेपरातच लिहिलंय. पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

मग २०२४ मध्ये याच रिडकर यांच्या टीमने जवळपास २८ हजार अमेरिकन स्त्रियांचा ३० वर्षांचा हिशेब मांडला. सुरुवातीला फक्त एकदा रक्त घेतलेलं. त्यात सीआरपीच्या वरच्या गटाचा धोका खालच्या गटापेक्षा ७० टक्के जास्त, एलडीएलच्या बाबतीत ३६ टक्के, लिपोप्रोटीन-एच्या बाबतीत ३३. म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीत हा वॉचमन बराच खरा बोलत होता. २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजीने तर हृदयविकार असलेल्या आणि नसलेल्या दोघांचाही एचएस-सीआरपी मोजावा असं सुचवलं. आधीच्या, २०१८ च्या गाइडलाइनमध्ये मात्र चाळिशीच्या पुढच्यांसाठी, निर्णय अडला तरच उपयोगी, असा त्याचा दर्जा होता. मला विचाराल तर तिशीच्या आतबाहेर असाल तर सीआरपी मोजायला हरकत नाही, पण एलडीएल, बीपी, शुगर सोडून आधी तो मोजणं म्हणजे घराला भिंती नसताना पडद्यांचं कापड निवडण्यासारखं आहे.

आता सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. सीआरपी हा गुन्हेगार की नुसता साक्षीदार? शास्त्रज्ञांनी यासाठी एक भारी युक्ती केली. काही लोकांत जन्मतःच असा जीन असतो की त्यांचा सीआरपी आयुष्यभर थोडा जास्त राहतो. सीआरपीच गुन्हेगार असेल तर या लोकांना अटॅक जास्त यायला हवेत. २००९ आणि २०११ मध्ये मोठ्या प्रमाणावर तपासलं, नाही आले. म्हणजे साक्षीदार! त्यामुळे 'सीआरपी लोअरिंग' असं लिहिलेल्या महागड्या कॅप्सूल घेऊन आकडा खाली आणणं म्हणजे वॉचमनची शिट्टी काढून घेणं. चोर आहे तिथेच. आजीचं हळदीचं दूध जरूर प्या, छान झोप लागते. पण हळदीने हार्ट अटॅक टळतात असं कुठल्याही मोठ्या ट्रायलमध्ये दिसलेलं नाही.

मात्र सीआरपीच्या मागचा दाह खरंच कमी केला तर? २०१७ च्या 'कँटोस' ट्रायलमध्ये अटॅक येऊन गेलेल्या दहा हजार पेशंटना दाह कमी करणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही, तरी पुढचे धोके १५ टक्क्यांनी घटले. थिअरी पास! पण जीवघेणी इन्फेक्शन्स वाढली आणि औषध भयंकर महाग. त्यामुळे हृदयासाठी ते काही बाजारात आलं नाही. वर्षभराने मेथोट्रेक्सेट हे स्वस्त औषध वापरून पाहिलं, साफ फेल. मग गाऊटवरची जुनी गोळी कोल्चिसिन. २०१९ आणि २०२० च्या दोन ट्रायल्समध्ये चांगली चालली, अमेरिकेत २०२३ मध्ये हृदयविकारासाठी मंजूरही झाली, आणि २०२४ मध्ये सात हजार पेशंटच्या तिसऱ्या मोठ्या ट्रायलमध्ये काहीच फरक पडला नाही! ही सगळी मंडळी आधीच हृदयविकार असलेली होती हेही लक्षात घ्या. किडनी कमकुवत असेल किंवा काही ठरावीक अँटिबायोटिक्स चालू असतील तर कोल्चिसिन महागात पडतं, तेव्हा मेडिकलवाल्या दादाकडून परस्पर आणायची ही गोष्ट नाही.

पॅकेजमध्ये अजून एक पाहुणा असतो, होमोसिस्टीन. तो वाढला की हृदयविकार जास्त दिसतो, हे खरं. पण व्हिटॅमिन देऊन तो खाली आणला तरी अटॅक कमी झाले नाहीत, असं २००६ च्या दोन मोठ्या ट्रायल्सनी दाखवलं. मग तो बघायचा कशाला? आपल्याकडे त्याचं कारण वेगळं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ मध्ये पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी! आणि शहरी मध्यमवर्गात तर त्याहून जास्त. होमोसिस्टीन वाढलेले ५८ टक्के. शाकाहारी घरांत हे हमखास दिसतं. तेव्हा रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन लाल आलं तर हृदयाच्या आधी बी-१२ तपासा. हातापायांना मुंग्या, सतत थकवा यांचं मूळ तिथे असू शकतं.

याज्ञिक यांचाच आणखी एक किस्सा सांगण्यासारखा आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या मते दोघेही फिट. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! वरून सडपातळ, आतून तुपकट, असा हा आपला भारतीय ब्रँड. ही चरबी पोटात, आतड्यांभोवती साठते आणि गप्प बसत नाही. तीच तो निरोप्या, इंटरल्युकिन-६, तयार करून लिव्हरकडे पाठवत राहते. लंडनमधल्या भारतीय वंशाच्या पुरुषांचा सीआरपी गोऱ्यांपेक्षा जास्त का, याचा शोध २००१ मध्ये घेतला तेव्हा उत्तर याच पोटापाशी येऊन थांबलं होतं.

आणि हे पोट मोजायला ना कॅम्प लागतो, ना सुई, ना पीडीएफ. आईच्या शिलाई मशीनच्या खणात टेप असतेच. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. आपल्यासाठी मर्यादा आहे पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०. 'माझी जीन्स ३२ ची आहे' हे उत्तर चालणार नाही. जीन्स पोटाच्या खाली बसते.